आधी उणीव, मग पूरक

बोरिवलीहून किंवा मुलुंडहून सकाळच्या गाडीने मुंबईला जाणाऱ्या प्रवाशाला हात वर करून कडी धरावी लागते, आणि मग डोळ्यांसमोर डब्याच्या पत्र्यावर चिकटवलेली चिठोरी वाचण्यावाचून गत्यंतर नसते. घरबसल्या नोकरी देणारे, करणी उतरवणारे आणि वजन उतरवणारे असे तीन वर्ग त्यांत स्थूलमानाने दिसतात. पहिल्या दोहोंकडे पाहून सुशिक्षित माणूस हसतो. तिसऱ्याचा दूरध्वनी क्रमांक मात्र तो टिपून घेतो.

या तिसऱ्या वर्गाने आता गाडीचा डबा सोडून घरात प्रवेश केला आहे. अंधेरीच्या व्यायामशाळेत जाणारा तरुण प्रथिनांच्या भुकटीचा डबा पिशवीत बाळगतो. घाटकोपरच्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेतील सदनिकेत सकाळी आठ-दहा मंडळी जमतात, फळांच्या चवीचे पेय घेतात, वजनकाट्यावर उभी राहतात आणि महिन्याचे पैसे भरून परततात. मुलुंडच्या औषधविक्रेत्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या आणावयास गेलेले निवृत्त गृहस्थ 'पोट साफ राहील' म्हणून एक पुडी आणि 'पोटातले चांगले जंतू वाढतील' म्हणून एक कुपी जास्तीची घेऊन येतात. या सर्व वस्तूंना मिळून आहारपूरके असे नाव आहे. चरबी उतरवणे आणि आतडे निरोगी राखणे ही त्यांची दोन मुख्य आश्वासने.

पूरक हा शब्द आपल्या भाषेत मोठा नेमका आहे. जे उणे आहे ते भरून काढते ते पूरक. म्हणजे पूरकाच्या आधी उणीव असली पाहिजे, आणि ती कोणती व किती हे ठाऊक असले पाहिजे. आज बाजारात पूरके मुबलक आहेत. आपल्यात उणे काय आहे याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. या उलट्या क्रमामुळे पैसा जातो एवढेच नव्हे, तर क्वचित आरोग्यही जाते, हे दाखवणे हा या लेखाचा हेतू आहे.

लठ्ठपणाची चिंता खोटी आहे असे मुळीच नाही. २०१९-२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष प्रमाणापेक्षा अधिक वजनाचे आढळले. २०१५-१६ च्या आधीच्या फेरीत हेच आकडे सुमारे २१ आणि १९ होते. शहरांतील प्रमाण खेड्यांपेक्षा बरेच अधिक आहे. उपनगरातील माणसाला यासाठी आकडेवारीचीही गरज नाही. जाऊन-येऊन दोन-तीन तास प्रवासात, आठ-नऊ तास खुर्चीत, रात्री दहाला पोटभर जेवण आणि मध्ये संध्याकाळी स्थानकाबाहेर वडापाव, असा ज्याचा दिवस आहे त्याची कंबर वाढली तर त्यात नवल ते कोणते? नवल आहे ते हे, की दिवसाच्या या चोवीस तासांनी केलेला बिघाड एका गोळीने निस्तरेल असे त्याला वाटते.

कोकमाचा धडा

अशा एका गोळीचा इतिहास मराठी वाचकाने अवश्य जाणून घ्यावा, कारण त्याची सुरुवात आपल्या स्वयंपाकघराजवळच होते. कोकणातून येणारे आमसूल बोरिवली-मुलुंडच्या कोकणी मालाच्या दुकानांतून वर्षभर मिळते. या कोकमाचा एक सख्खा भाऊ केरळात आहे. तेथे त्याला कुडमपुळी म्हणतात आणि त्याच्या वाळलेल्या साली माशाच्या कालवणात घालतात. १९६५ साली म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुईस आणि नीलकंठन या शास्त्रज्ञांनी या फळातील प्रमुख आम्ल हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असल्याचे दाखवून दिले. आपल्या कोकमातही ते असते. पुढे १९६९ मध्ये अमेरिकन संशोधकांना असे आढळले की, शरीर साखरेपासून चरबी बनवते त्या क्रियेतील एका विकराला हे आम्ल अटकाव करते. उंदरांवर प्रयोग झाले. ते कमी खाऊ लागले, त्यांचे वजन कमी वाढले. एवढ्यावर व्यापाराला पुरेसा आधार मिळाला आणि कालवणातील आंबट सालीचे सत्त्व गोळीत भरून जगभर विकले जाऊ लागले.

माणसांवरील कसोटी १९९८ साली प्रसिद्ध झाली. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी १३५ स्थूल व्यक्तींची दोन गटांत वाटणी केली. सर्वांना भरपूर तंतूंचा व कमी उष्मांकांचा आहार दिला. एका गटाला बारा आठवडे रोज दीड ग्रॅम हे आम्ल दिले, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पण निर्गुण गोळ्या दिल्या. कोण काय घेत आहे हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यालाही. अखेरीस आम्ल घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले. निर्गुण गोळ्या घेणाऱ्यांचे ४.१ किलो! हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय नव्हता, म्हणून निर्गुण गोळी श्रेष्ठ असे कोणी म्हणू नये. परंतु एक गोष्ट निर्विवाद ठरली. वजन उतरवले ते आहाराने, गोळीने नव्हे.

हा निष्कर्ष प्रसिद्ध होऊन पाव शतक उलटले, तरी ही गोळी बाजारातून गेली नाही. कोकमाचा यात काही दोष नाही. सोलकढी रुचकर आहे, ती आनंदाने प्यावी. पण फळात जे आहे त्यातला एक अंश काढून, तो दाट करून, महिनोन्‌महिने रोज पोटात घालणे ही निराळी गोष्ट आहे. २००९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वजन घटवण्याच्या एका लोकप्रिय उत्पादनमालिकेविषयी जाहीर इशारा दिला, तेव्हा त्याच्यापाशी काविळीपासून यकृत निकामी होण्यापर्यंतच्या २३ तक्रारी होत्या आणि त्यांत एक मृत्यूही होता. त्या उत्पादनांत अनेक वनस्पतींचे अर्क एकत्र होते. त्यांतील नेमका दोषी कोण हे सांगणेही कठीण होते. 'वनस्पतीजन्य आहे, अपाय तर नाही ना होणार' या वाक्याचे मोल त्यावरून कळावे.

आतड्याचे आरोग्य

चरबी उतरवणाऱ्या गोळ्यांवरचा विश्वास थोडा डळमळू लागला, तोच बाजाराने आपला मोर्चा आतड्याकडे वळवला. यामागचे शास्त्र मात्र खरे आहे. माणसाच्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणूंची वस्ती असते. आपण पचवू शकत नाही असा चोथा ते आंबवतात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला उपयुक्त अशी आम्ले तयार होतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात, जिच्यात एक लठ्ठ व एक सडपातळ आहे अशा जुळ्या बहिणींच्या आतड्यातील जिवाणू जंतुरहित उंदरांत सोडले, तेव्हा लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांच्या अंगी अधिक चरबी साठली. लठ्ठपणाचा आणि आतड्याचा संबंध आहे तो असा.

परंतु 'संबंध आहे' यापासून 'ही कुपी प्यावी' येथपर्यंतचे अंतर फार मोठे आहे. जिवाणूंचे गुण त्यांच्या वाणावाणाप्रमाणे बदलतात. एका वाणाने अतिसारात उपयोग दिला म्हणून दुसऱ्या वाणाने कंबर कमी होईल असे मानण्यास आधार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ साली मार्गदर्शक तत्त्वे ठरवली, तेव्हा वाणाची नेमकी ओळख पटवणे ही पहिली अट घातली, ती याचसाठी. अमेरिकेतील पचनसंस्थेच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सर्व पुरावा तपासून असे मत दिले की, पचनाच्या बहुतेक विकारांत अशा जिवाणूंची सरसकट शिफारस करण्याइतका आधार नाही. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या २०१८ मधील एका छोट्या पण काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासात तर प्रतिजैविके घेतल्यावर जिवाणूंच्या कुप्या घेणाऱ्यांच्या आतड्यातील मूळची वस्ती पूर्ववत व्हावयास, काहीही न घेणाऱ्यांपेक्षा अधिक वेळ लागला. उपरे पाहुणे घरात बसले आणि घरच्यांनाच बाहेर थांबावे लागले, असा हा प्रकार.

येथे इसबगोलाचे नाव घेतले पाहिजे, कारण ते या गर्दीतील प्रामाणिक सदस्य आहे. गुजरात-राजस्थानात पिकणारे आणि उंझ्याच्या बाजारपेठेतून जगभर जाणारे हे भुस पाणी शोषून फुगते, मळ मऊ करते, आणि रक्तातील कोलेस्टेरॉलही थोडे उतरवते. अमेरिकन प्रशासनानेही १९९८ साली हृदयविकाराच्या संदर्भात त्याचा हा गुण मान्य केला. भरपूर पाण्याबरोबर घेतले तर ते बहुतेकांना निर्धोक आहे. पण ज्या घरात गव्हाच्या पिठातला कोंडा चाळून टाकला जातो, ज्वारीची भाकरी आठवड्यातून एकदा होते आणि पालेभाजी 'निवडायला वेळ नाही' म्हणून येत नाही, त्या घराने तोच चोथा पुन्हा पुडीतून विकत घ्यावा, यातील विसंगती आपल्या ध्यानात येत नाही.

इसबगोलाच्या शेजारीच मांडलेली रेचक चूर्णे मात्र त्याच्या पंक्तीला बसवू नयेत. त्यांतील बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. ती मोठ्या आतड्याला चाळवून मळ बाहेर टाकते. काही तरुण मुली वजन घटवण्यासाठी ही चूर्णे रोज घेतात. अन्नातील उष्मांक त्याआधीच लहान आतड्यात शोषले गेलेले असतात; तेव्हा काट्यावर जे वजन उतरलेले दिसते ते पाण्याचे, चरबीचे नव्हे. पाण्याबरोबर शरीरातील पोटॅशियमसारखे क्षारही जातात आणि अशक्तपणा येतो. त्याला मग 'शरीर शुद्ध होत आहे' असे गोंडस नाव दिले जाते.

पुण्याचा दाखला

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग सर्वच पूरके टाकाऊ समजावीत काय? तसे मुळीच नाही. आणि ते का नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांची मुले यांचा पाठपुरावा चालवला. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. वजनात एवढी तूट, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. कृश तरीही मेदयुक्त असे हे भारतीय शरीर. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी आपली दोघांची छायाचित्रे शेजारी-शेजारी छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, चरबी मात्र इंग्रज डॉक्टरांच्या अंगी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगी २१.२ टक्के! केवळ वजनकाट्यावर भरवसा ठेवणाऱ्यांनी हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावे.

याच खेड्यांतून पुढे पूरकांविषयीचा खरा धडा मिळाला. गरोदरपणी स्त्रियांना लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या जातात आणि ते योग्यच आहे. फॉलिक आम्लामुळे अर्भकाच्या मज्जारज्जूतील व्यंगे टळतात. तेव्हा या वृत्तान्तामुळे कोणीही त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. परंतु या मातांच्या रक्ताची तपासणी केली तेव्हा दिसले की, फॉलिक आम्लाची उणीव जवळजवळ कोणातच नव्हती. उणीव होती ती बी-१२ या जीवनसत्त्वाची, आणि ती दोन-तृतीयांश मातांत होती. मुले सहा वर्षांची झाल्यावर, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, ज्या मातांत फॉलेट अधिक होते त्यांच्या मुलांच्या अंगी चरबी अधिक आढळली. आणि ज्यांच्यात फॉलेट भरपूर पण बी-१२ अत्यल्प, त्यांच्या मुलांत मधुमेहाकडे नेणारा इन्सुलिनचा प्रतिरोध सर्वाधिक आढळला. अशा पाहणीवरून कार्यकारणाचा शेवटचा निवाडा देता येत नाही. पण जे उणे नाही ते भरत राहावे आणि जे उणे आहे त्याकडे पाहूच नये, याचे हे उदाहरण विचार करावयास लावणारे आहे. याज्ञिक यांच्या चमूने २०१२ पासून त्या पिढीतील किशोरवयीन मुलामुलींना बी-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग हाती घेतला, तो रोज अवघ्या दोन मायक्रोग्रॅमचा, म्हणजे साधारणपणे शरीराच्या रोजच्या गरजेएवढाच. उणीव मोजली, मात्रा ठरवली आणि मगच पूरक दिले. पूरक वापरण्याची रीत ती ही.

उपनगरांना हा दाखला जवळचा वाटला पाहिजे. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथे पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. बी-१२ मिळते ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून, भाज्या-फळांतून नव्हे. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तावरील गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत त्याचे शोषणही कमी होते. हातापायांना मुंग्या येतात, विस्मरण होते, थकवा येतो, आणि 'वय झाले' म्हणून ते सोडून दिले जाते. येथे खरी उणीव आहे आणि तिच्यावर स्वस्त, खात्रीचा उपाय आहे. पण बी-१२ ची साधी गोळी कंबर कमी करण्याचे वचन देत नाही, म्हणून तिची चिठोरी गाडीच्या डब्यात लागत नाही.

कायद्यातील फट

मग शासन काय करते, हा प्रश्न साहजिक आहे. १९५४ च्या 'औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती)' कायद्याच्या परिशिष्टात ज्या विकारांवरील उपायांची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यांत लठ्ठपणाचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु शरीराच्या रचनेवर किंवा क्रियेवर परिणाम घडवण्यासाठी असलेल्या वस्तूंना औषध ठरवताना त्याच कायद्याने 'अन्न सोडून' असे म्हटले आहे, आणि आहारपूरक हे अन्न! २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली २०१६ साली आहारपूरकांसाठी स्वतंत्र विनियम झाले. रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही, वेष्टनावर 'औषधी उपयोगासाठी नाही' असे छापावे लागते, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नियम वाईट नाहीत. तथापि नव्या औषधाला बाजारात येण्यापूर्वी आपला गुण माणसांवरील चाचणीत सिद्ध करावा लागतो. मान्य यादीतील घटकांपासून बनवलेल्या आहारपूरकाला तशी परीक्षा द्यावी लागत नाही. त्याने परवाना घ्यावा, प्रमाण पाळावे आणि रोगाचे नाव घेऊ नये, एवढे पुरते. मग 'लठ्ठपणा बरा करतो' असे न म्हणता 'वजनाच्या व्यवस्थापनास साहाय्य' असे म्हटले, की काम भागते. आणि जे वेष्टनावर छापता येत नाही ते सदनिकेतील सकाळच्या बैठकीत तोंडी सांगितले जाते; तेथे अन्न निरीक्षक कसा पोहोचणार?

यास्तव नियमांत एक सुधारणा आवश्यक आहे. वजन किंवा पचन यांविषयी काहीही सुचवणाऱ्या पूरकाने आपला गुण कोणत्या चाचणीत, किती माणसांवर, किती मात्रेने दिसला हे वेष्टनावर छापावे; चाचणीच झाली नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. ही मागणी कारखानदाराला जाचक नाही, ग्राहकाला मात्र डोळे देणारी आहे.

अशा मागणीची परंपरा आपल्याच शहरात आहे. केंब्रिजहून १९३९ साली डॉक्टरेट मिळवणाऱ्या जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेतील पोषक द्रव्यांचा अभ्यास केला, आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना तिचा उपयोग होतो हे दाखवले. तेही पूरकच होते. पण उणीव समोर दिसत होती आणि गुण प्रयोगशाळेत तपासला होता. गोरेगावच्या आरे दूध प्रकल्पाच्याही त्या सल्लागार होत्या. १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या ग्राहक मार्गदर्शक संस्थेचे काम त्यांनी पुढे हिरिरीने केले. तपासल्याशिवाय विश्वास नाही, हा शास्त्रज्ञाचा बाणा गृहिणीच्या हाती देण्याचा तो प्रयत्न होता. आजच्या पूरकांच्या बाजाराला त्याच बाण्याची गरज आहे.

शासनाकडून सुधारणा होईल तेव्हा होवो. तोवर काही गोष्टी आपल्या हाती आहेत. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची फीत अधिक खरे बोलते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या वर गेली असेल, तर काटा काहीही सांगो, सावध व्हावे. वजन अकारण वाढत असेल आणि मलावरोधही असेल, तर ते कंठस्थ ग्रंथी मंदावल्याचे लक्षण असू शकते; उतारवयात शौचाच्या सवयीत अचानक बदल झाला, तर त्यामागे आतड्यातील गाठही असू शकते. अशा वेळी पुडी आणणे म्हणजे धुराकडे पाहून खिडकी लावून घेणे होय. पूरकाचे सर्वांत मोठे नुकसान त्याच्या किमतीत नसते; ते घेत असताना निदानाचे जे महिने हातचे जातात, त्यांत असते.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची १७ मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, तेव्हा शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या भुकट्या टाळाव्यात असे बजावले. डाळ, उसळ, दही, भाकरी, पालेभाजी आणि रोजचे चालणे यांत नवीन काही नाही, म्हणूनच कदाचित ते ऐकावेसे वाटत नाही. जो कोणी पूरक घेऊन दारी येईल त्याला एवढेच विचारावे: माझ्यात काय उणे आहे, ते कोणी मोजले, आणि हे घेतल्याने ते भरते याला पुरावा काय? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी असतील त्याचे पूरक अवश्य घ्यावे. ज्याच्यापाशी नसतील त्याचा क्रमांक, डब्यातील इतर दोन चिठोऱ्यांप्रमाणेच, न टिपता पुढच्या स्थानकावर उतरून जावे.